पथारीवरची मिरची सौर बोगद्यात: १०० किलोच्या वाळवण यंत्राची आखणी, बांधणी आणि चाचणी

नंदुरबार आणि शहादा परिसरातील लाल मिरचीचा मोठा भाग ओल्या स्वरूपातच बाजारात येतो आणि पुढे मोकळ्या जमिनीवरील पथारीवर पसरून वाळवला जातो. ही पद्धत स्वस्त आहे, भरपूर माल एका वेळी सामावून घेते आणि शेकडो मजुरांना हंगामभर काम देते, त्यामुळे तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पावसाची एक सर आली तरी पथारीवरील अर्धवट वाळलेली मिरची काळी पडते, तिला बुरशी लागते आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते. पाऊस आला नाही तरी धूळ, पक्षी, उंदीर आणि रात्रीचे दव यांपासून सुटका नसते. शेतकऱ्याने स्वतः मिरची वाळवून विकायची ठरवली, तर जागेपासून मालापर्यंत सर्व जोखीम त्याच्याच अंगावर येते.

प्लॅस्टिक आच्छादनाचा, आत उभे राहून काम करता येईल असा सौर वाळवण बोगदा हा यावरील जमण्यासारखा उपाय आहे. अशा यंत्रांवर जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठापासून उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व प्रौद्योगिकी विद्यापीठापर्यंत अनेक ठिकाणी संशोधन झालेले आहे, आणि मिरची हे त्या प्रयोगांतील नेहमीचे पीक राहिले आहे. तरीही दुसरीकडे चाललेला आराखडा जसाच्या तसा उचलून आणला की बरेचदा निराशा पदरी पडते, कारण आपल्या मिरचीतील ओलावा, आपल्याकडील ऊन आणि आपली हवा यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. म्हणून हा लेख एका शेतकरी गटाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. अशा गटाने १०० किलो ओल्या मिरचीचा एक बोगदा स्वतः आखावा, स्थानिक फॅब्रिकेटरकडून बांधून घ्यावा आणि कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी जशी चाचणी घेतात तशीच चाचणी घेऊन मगच मोठ्या गुंतवणुकीचा निर्णय करावा.

पहिली पायरी: किती पाणी काढायचे आहे ते ठरवणे

वाळवण म्हणजे पाणी काढणे, म्हणून यंत्राच्या आकाराचा विचार करण्यापूर्वी पाण्याचा हिशेब हवा. तोडणीच्या वेळी पिकलेल्या लाल मिरचीत साधारण ७० ते ८० टक्के ओलावा असतो. झाडावरच थोडी सुकू दिलेली मिरची या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते, तर पाणी दिल्यानंतर लगेच तोडलेली वरच्या टोकाला. साठवणीसाठी हा ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणायचा असतो; वाळलेल्या मिरचीसाठी अन्नसुरक्षा नियमांतील कमाल मर्यादा ११ टक्के आहे.

सूत्र सोपे आहे. सुरुवातीच्या ओलाव्याच्या टक्केवारीतून शेवटची टक्केवारी वजा करावी, त्या उत्तराला शंभरातून शेवटची टक्केवारी वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने भागावे आणि ओल्या मालाच्या वजनाने गुणावे. ७५ टक्के ओलाव्याची १०० किलो मिरची १० टक्क्यांवर आणायची असेल, तर ६५ भागिले ९० गुणिले १००, म्हणजे सुमारे ७२ किलो पाणी काढावे लागते आणि हाती सुमारे २८ किलो वाळलेली मिरची उरते. हीच मिरची ८० टक्के ओलाव्याची असेल तर जवळपास ७८ किलो पाणी निघते आणि माल २२ किलोच उरतो.

हा फरक नीट समजून घ्यावा, कारण नफा-तोट्याचा मोठा भाग यंत्राआधी इथेच ठरतो. एक किलो वाळलेली मिरची मिळवण्यासाठी ७० टक्के ओलाव्याची मिरची ३ किलो लागते, ७५ टक्क्यांची ३.६ किलो आणि ८० टक्क्यांची तब्बल ४.५ किलो. बाजारात ओली मिरची विकायची की वाळवून विकायची, हा प्रश्न ओलावा मोजल्याशिवाय अंदाजानेच सोडवावा लागतो आणि असा अंदाज चुकण्याची शक्यता खूप असते.

ओलावा मोजण्यासाठी लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून मिरच्या घेऊन बारीक चिराव्यात, त्यातील मोजून घेतलेला नमुना १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा आणि वजनातील घट मूळ वजनाच्या टक्केवारीत मांडावी. मसाल्यांतील उडनशील तेलही ओव्हनमध्ये थोडे उडून जाते, म्हणून प्रमाणित प्रयोगशाळा टोल्युइन ऊर्ध्वपातनाची पद्धत वापरतात. आपल्या कामापुरती ओव्हनची पद्धत पुरेशी आहे. ओव्हन गटाकडे असण्याची गरज नाही, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात आधी विचारून नमुना घेऊन जावा. एकाच लॉटचे किमान तीन नमुने द्यावेत आणि त्यांची सरासरी धरावी.

दुसरी पायरी: उन्हाचा हिशेब आणि बोगद्याचे क्षेत्रफळ

एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी ५० अंशांच्या आसपास सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. यालाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. ७२ किलो पाण्यासाठी ही उष्णता सुमारे १७३ मेगाज्यूल होते, म्हणजे आपल्या ओळखीच्या भाषेत ४८ युनिट (विजेचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल). मिरची तापवण्यासाठी लागणारी उष्णता याहून वेगळी असली तरी ती ३ युनिटांच्या आसपासच असते, त्यामुळे पहिल्या अनुमानात ती सोडून दिली तरी चालते.

डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ आकाश असताना खानदेशात सपाट जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेचार ते पाच युनिट सौर ऊर्जा पडते, आणि मार्चकडे जाताना ती वाढत जाते. ही सगळी ऊर्जा पाणी उडवण्याच्या कामी येत नाही. काही आच्छादनावरून परावर्तित होते, काही जमिनीत मुरते, काही गरम हवेबरोबर बाहेर जाते. साध्या बोगद्यात त्यातील पाव भाग प्रत्यक्ष बाष्पीभवनासाठी मिळेल असे धरून चालणे सावधपणाचे ठरते. मग १५ चौरस मीटरच्या बोगद्यात १५ गुणिले ४.७५ गुणिले ०.२५, म्हणजे दिवसाला सुमारे १८ युनिट कामी येतात आणि साधारण २६ ते २७ किलो पाणी उडू शकते.

सरळ भागाकार केला तर ७२ किलो पाण्याला पावणेतीन दिवस लागतील, पण मिरची तशी सरळ वाळत नाही. सुरुवातीला पाणी सहज निघते. पुढे सालीखालचा ओलावा बाहेर यायला वेळ लागतो आणि वाळण्याचा वेग सतत घटत जातो. मिरचीच्या सालीवर मेणचट थर असल्याने ही अडचण इतर भाज्यांपेक्षा जास्त जाणवते. म्हणून चार दिवस धरावेत, ढगाळ हवेत पाच. ३ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब बोगदा १०० किलोसाठी योग्य ठरतो तो या हिशेबाने. याच पद्धतीने कोणत्याही वजनासाठी आकार काढता येतो, मात्र पहिल्याच वर्षी दहा क्विंटलचा बोगदा बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: हवा किती लागते

उष्णतेइतकेच महत्त्व हवेला आहे आणि हौसेने बांधलेले बहुतेक बोगदे इथेच कमी पडतात. आत तापमान ६० अंश दाखवते म्हणून समाधान वाटते. प्रत्यक्षात आतील हवा वाफेने भरलेली असते आणि मिरची वाळण्याऐवजी उकडते. आच्छादनाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसू लागले की हवा कमी पडते आहे असे निश्चित समजावे.

हवा तापवण्याचा फायदा कसा होतो ते एका उदाहरणावरून पाहू. बाहेरची हवा २५ अंश तापमानाची आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल आणि तिच्यात पाणी न घालता ती ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे १० टक्क्यांवर येते. अशी कोरडी हवा मिरचीवरून जाताना पाणी उचलते आणि स्वतः थंड होते. ती ४० अंशांवर बाहेर पडली तर एक किलो हवेने साधारण ४ ग्रॅम पाणी नेलेले असते. दिवसाला २६ किलो पाणी न्यायचे म्हणजे सुमारे ६,५०० किलो हवा लागते. एक किलो गरम हवा साधारण नऊशे लिटर जागा व्यापते, म्हणून सात तासांच्या उन्हात ताशी ८०० घनमीटरच्या आसपास हवा खेळवणारा पंखा पाहिजे.

एवढी हवा नऊ इंची चांगला एक्झॉस्ट पंखा देऊ शकतो, मात्र दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न जाता पंख्यावरील पट्टीवर लिहिलेला हवेचा आकडा वाचावा आणि जाळी बसवल्यावर तो बराच कमी होतो हे लक्षात ठेवावे. वीज बेभरवशाची असलेल्या शेतात डीसी पंखा थेट छोट्या सौर पॅनेलला जोडणे अधिक बरे. त्यात एक मोठा गुण आहे: ऊन कडक असते तेव्हा पंखा जोरात फिरतो, ढग आला की हळू होतो आणि संध्याकाळी आपोआप थांबतो. वेगळा नियंत्रक न बसवताही आतील तापमान बऱ्यापैकी काबूत राहते.

चौथी पायरी: जागा, दिशा आणि सांगाडा

नंदुरबार सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या उंचीइतकीच लांब पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून पुष्कळ लांब. म्हणून दक्षिणेकडील झाड, घर किंवा बांधावरील बाभूळ यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे. बोगद्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की हिवाळ्यात लांब दक्षिण बाजूला भरपूर ऊन मिळते. उत्तर बाजूने हिवाळ्यात ऊन फारसे येत नाही, उलट उष्णता बाहेर जाते. त्या बाजूला खालच्या अर्ध्या भागात पत्रा व थर्मोकोल किंवा तत्सम उष्णतारोधक लावल्यास फायदा होतो. पाणी साचणारी, काळ्या मातीची सखल जागा टाळावी.

सांगाड्यासाठी एक इंची जीआय पाइप पुरतो. ३ मीटर रुंदीची अर्धवर्तुळाकार कमान करायला ४.७ मीटर पाइप लागतो. बाजारातील ६ मीटरच्या पाइपातून दोन्ही बाजूंना सुमारे ६० सेंटीमीटर उरतात. दोन्ही लांब बाजूंना ४५ सेंटीमीटर उंचीची विटांची भिंत बांधून हे उरलेले पाय त्या भिंतीत आणि खाली जमिनीत १५ सेंटीमीटर पक्के करावेत. यामुळे पाइप न जोडता, न कापता काम होते आणि मध्यभागी उंची जवळपास १.९५ मीटर मिळाल्याने माणूस उभ्याने फिरू शकतो. ५ मीटर लांबीसाठी सव्वा मीटर अंतरावर पाच कमानी आणि त्यांना बांधणारे तीन आडवे पाइप पुरेसे होतात. फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात आच्छादन फडफडून फाटते, म्हणून कमानींचे वेल्डिंग घासून गुळगुळीत करावे आणि प्लॅस्टिक पॉलिहाउससाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत झिगझॅग स्प्रिंगने बसवावे. खिळ्याने किंवा तारेने बांधलेले प्लॅस्टिक एका हंगामातच त्या जागी फाटते.

आच्छादन २०० मायक्रॉन जाडीचे, अतिनील किरणांना टिकणारे पारदर्शक पॉलिथिनच घ्यावे. ताडपत्री किंवा साधे प्लॅस्टिक स्वस्त पडते, पण काही महिन्यांत ठिसूळ होते.

जमिनीवर आधी जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर १० सेंटीमीटरचा कोबा करावा आणि तो काळ्या रंगाने रंगवावा. खालचे प्लॅस्टिक विसरू नये, कारण जमिनीतील ओल रात्रभर वर येत राहिली तर दिवसा मिळवलेली उष्णता तीच सुकवण्यात जाते. पूर्वेच्या टोकाला, जमिनीलगत, कीटकरोधक जाळी लावलेली हवा आत येण्याची खिडकी ठेवावी आणि पश्चिमेच्या टोकाला, वरच्या बाजूला, पंखा बसवावा. दोन्ही एकाच उंचीवर ठेवल्यास हवा वरच्या वर निघून जाते आणि खालचे ट्रे ओले राहतात. दाराला रबरी पट्टी लावून फटी बंद कराव्यात, नाहीतर पंखा सर्वात जवळच्या फटीतूनच हवा ओढतो.

ट्रे १ मीटर गुणिले ०.९ मीटरचे करावेत. मध्ये ६० सेंटीमीटरची वाट सोडून दोन्ही बाजूंना, प्रत्येक थरात पाच-पाच, असे दोन थरांत मिळून २० ट्रे बसतात आणि प्रत्येकात ५ किलो मिरची एकेरी थरात मावते. ट्रेची जाळी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. वरच्या थराच्या सावलीत खालचे ट्रे हळू वाळतात, म्हणून रोज सकाळी वरचे खाली आणि खालचे वर करणे हा कामाचाच भाग समजावा.

पाचवी पायरी: मिरचीची पूर्वतयारी

पिकलेली, एकसारखी लाल झालेली मिरची घ्यावी. हिरवट, किडलेली, काळे डाग पडलेली आणि फुटलेली मिरची वेगळी काढावी. बुरशी बहुतेक वेळा जखमी फळातून सुरू होते, त्यामुळे ही निवड केवळ दिसण्यासाठी नसते. पसरण्यापूर्वी धुवायची असल्यास स्वच्छ पाण्यात धुऊन पंख्याखाली वरचे पाणी निथळू द्यावे.

वाळवण लवकर व्हावे म्हणून मेणचट थर भेदण्याचे काही मार्ग संशोधकांनी तपासले आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पोटॅशियम कार्बोनेट आणि वनस्पती तेल यांच्या पाण्यातील मिश्रणात मिरची बुडवण्याची पद्धत सुचवली होती. काही ठिकाणी मिरची गरम पाण्यात थोडा वेळ बुडवतात, तर काही ठिकाणी टोचतात किंवा उभी चिरतात. चिरलेली मिरची निश्चितच लवकर वाळते, पण तिचे बी सांडते आणि अख्ख्या मिरचीचा भाव मिळत नाही. पहिल्या हंगामात यांतील काहीही करू नये असा माझा सल्ला आहे, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की सुधारणा बोगद्यामुळे झाली की बुडवण्यामुळे, हे सांगता येत नाही.

देठ वाळवणीपूर्वी खुडू नये. देठाची जागा उघडी पडली की तेथून बुरशीला वाट मिळते.

सहावी पायरी: चाचणी

वाळवण यंत्राचा उपयोग किती झाला हे पथारीशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. एकाच शेतातील, एकाच दिवशी तोडलेली मिरची आधी नीट मिसळावी आणि मग तिचे दोन भाग करावेत. एक भाग बोगद्यात जाईल आणि दुसरा, वजनाने आणि पसरण्याच्या जाडीने तसाच, बाहेर पथारीवर. चांगली मिरची बोगद्यात आणि उरलेली बाहेर, असा मोह अनेकांना होतो. तसे केले तर निकाल खोटा ठरतो. हीच चाचणी हंगामात किमान तीन वेळा, वेगवेगळ्या हवामानात, करावी.

मोजमापासाठी फार महाग साहित्य लागत नाही. १ ग्रॅमपर्यंत वाचणारा इलेक्ट्रॉनिक काटा, आत आणि बाहेर ठेवायला दोन डिजिटल तापमान-आर्द्रता मापक, आणि एक जाड वही एवढे पुरते. मापकावर थेट ऊन पडले तर ते हवेऐवजी उन्हाचे तापमान दाखवते, म्हणून त्याला पांढऱ्या पुठ्ठ्याची सावली करावी, आणि ती करताना हवा अडणार नाही हे पाहावे. सकाळी ८ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर दोन तासांनी आतील व बाहेरील तापमान, आर्द्रता आणि निवडलेल्या सहा ट्रेचे वजन लिहावे. ट्रे निवडताना पूर्व टोक, मध्य आणि पश्चिम टोक, आणि प्रत्येक ठिकाणी वरचा व खालचा, असे घ्यावेत. म्हणजे बोगद्यात उष्णता आणि हवा कुठे कमी पडते ते आपोआप दिसते. बाहेरच्या पथारीवरही तसेच दोन ट्रे ठेवून त्यांचे वजन करावे.

या सर्व नोंदींत सर्वात उपयोगी भाग लक्ष्य-वजनाचा आहे. ७५ टक्के ओलाव्याच्या ५ किलो मिरचीत कोरडा भाग १.२५ किलो असतो आणि वाळताना तो बदलत नाही. ओलावा १० टक्के होईल तेव्हा ट्रेमधील मिरचीचे वजन १.२५ भागिले ०.९, म्हणजे १ किलो ३९० ग्रॅम भरेल. हा आकडा प्रत्येक ट्रेला चिठ्ठी लावून लिहून ठेवावा आणि वजन तिथे आले की तो ट्रे काढावा. पथारीवर मिरची हातात घेऊन हलवतात, बी खुळखुळले की वाळली असे म्हणतात. अनुभवी माणसाचा हात बहुधा बरोबर सांगतो, तरीही त्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज राहतो. १० ऐवजी ६ टक्क्यांपर्यंत वाळवलेल्या मालात दर क्विंटलमागे सव्वाचार किलोच्या आसपास वजन विनाकारण जाते आणि मिरची हाताळताना फुटते ती वेगळीच. उलट १३ टक्क्यांवर भरलेल्या पोत्यात पुढे बुरशी लागते.

तापमानावर रोज लक्ष ठेवावे. ६० अंशांच्या वर मिरचीचा लाल रंग काळपटू लागण्याची शक्यता वाढते, म्हणून आतील हवा ५० ते ६० अंशांदरम्यान राहील असे पाहावे आणि त्यापुढे जाऊ लागल्यास येण्याची खिडकी मोठी करावी किंवा दार थोडे उघडावे. पुढच्या वर्षीचे बी याच मिरचीतून काढायचे असेल तर ती मिरची बोगद्यात मुळीच ठेवू नये, सावलीत वाळवावी; ४० अंशांच्या वरचे तापमान बियाण्याच्या उगवणीला बाधक ठरते. पहिल्या दिवशी भरपूर पाणी उडत असल्याने आतील तापमान कमी राहते, त्यामुळे घाबरून पंखा बंद करू नये. शेवटच्या दिवशी मात्र पाणी थोडेच उरते, तापमान झपाट्याने चढते आणि रंग बिघडतो तो बहुधा याच दिवशी. त्या दिवशी दुपारी एखादा माणूस बोगद्याजवळ असलाच पाहिजे.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर खिडकी आणि दार घट्ट बंद करावे. हिवाळ्यातील पहाटेची हवा दमट असते आणि अर्धवट वाळलेली मिरची तिच्यातून पाणी परत शोषते. आत काम करणाऱ्यांनी ट्रे सकाळी लवकर बदलावेत, मास्क आणि चष्मा वापरावा. गरम बोगद्यातील मिरचीची धूळ डोळ्यांना आणि श्वासाला पथारीपेक्षा जास्त झोंबते.

सातवी पायरी: आकडे वाचणे

नोंदी झाल्यावर तीन गोष्टी काढाव्यात. पहिली, लक्ष्य-वजनापर्यंत पोहोचायला बोगद्यात आणि पथारीवर लागलेला वेळ. दुसरी, बोगद्याची कार्यक्षमता: दिवसात उडालेले पाणी गुणिले २.४ मेगाज्यूल, भागिले बोगद्यावर पडलेली सौर ऊर्जा. समजा पहिल्या दिवशी २४ किलो पाणी उडाले आणि त्या दिवशी चौरस मीटरला ४.८ युनिट ऊर्जा पडली. मग उपयोगी उष्णता ५७.६ मेगाज्यूल, पडलेली ऊर्जा १५ गुणिले ४.८ गुणिले ३.६, म्हणजे सुमारे २५९ मेगाज्यूल, आणि कार्यक्षमता २२ टक्के. सौर ऊर्जेचा आकडा मोजण्याचे यंत्र नसल्यास नासाच्या ‘पॉवर’ या मोफत संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश देऊन रोजचा अंदाज मिळवता येतो. दर दिवशी कार्यक्षमता घटत जाईल, कारण शेवटी उडवायला पाणीच कमी असते. म्हणून तुलना पहिल्या दिवसाची पहिल्या दिवसाशीच करावी.

तिसरी गोष्ट म्हणजे सहा ट्रेमधील फरक. पश्चिम टोकाचे खालचे ट्रे सातत्याने मागे पडत असतील तर हवा तिथे पोहोचत नाही आणि पंख्याची जागा किंवा हवा आत येण्याची खिडकी बदलायला हवी. सर्वच ट्रे मागे पडत असतील, आत आर्द्रता जास्त आणि तापमानही जास्त असेल, तर पंखा लहान आहे. आर्द्रता कमी आणि तापमानही कमी असेल, तर पंखा गरजेपेक्षा मोठा आहे किंवा फटींतून थंड हवा येते आहे. यंत्र सुधारण्याचा खरा अभ्यास या तक्त्यात असतो आणि तो गटातील कोणीही लिहिता-वाचता माणूस करू शकतो.

आठवी पायरी: गुणवत्ता तपासणे आणि साठवण

ट्रेमधून काढलेली मिरची लगेच पोत्यात भरू नये. गरम माल बंद केला की आत वाफ धरते. सावलीत थंड करून ती एक-दोन दिवस बंद डब्यात किंवा जाड पिशवीत ठेवावी, म्हणजे देठ, बी आणि साल यांतील ओलावा सारखा होतो. त्याच पिशवीत छोटा आर्द्रता मापक ठेवून काही तासांनी आकडा पाहावा. आतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढण्याची भीती राहत नाही. हा उपाय स्वस्त आहे आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत चांगला आधार देतो.

रंग आणि अफ्लाटॉक्सिन या दोन तपासण्या मात्र प्रयोगशाळेतच कराव्या लागतात. मिरचीचा रंग ‘आस्टा’ या एककात मोजतात. ॲसिटोनमध्ये काढलेला अर्क ४६० नॅनोमीटरच्या प्रकाशात किती शोषतो यावरून तो ठरतो. अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस फ्लेव्हस यासारख्या बुरशींमुळे तयार होणारे विष आहे आणि युरोपीय संघात मिरचीसाठी त्याची मर्यादा किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅम, तर बी-१ प्रकारासाठी ५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. हे विष लॉटमध्ये ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले असते, म्हणून एका पोत्याच्या वरच्या भागातून घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. अनेक पोत्यांतून, वर-मध्ये-खाली असे थोडे थोडे घेऊन एकत्र दळलेला नमुना पाठवावा. मसाला मंडळाची मुंबई येथील प्रयोगशाळा ही तपासणी करते. बोगद्यातील आणि पथारीवरील मालाचे नमुने एकाच वेळी, वेगळ्या खुणा करून पाठवावेत. वाळवण्याच्या पद्धतीचा गुणवत्तेवर झालेला परिणाम त्याशिवाय कळणार नाही.

दळायचे असल्यास देठ याच वेळी खुडावेत. पल्व्हरायझर सतत चालवला की भुकटी तापते आणि रंग व वास दोन्ही जातात, म्हणून आधी भरड काढून ती थंड होऊ द्यावी आणि मग बारीक दळावी. माल प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यात, उजेडापासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावा.

मिरचीनंतरचे महिने

मिरचीचा हंगाम मार्चअखेर संपतो, तरी बोगदा रिकामा ठेवण्याचे कारण नाही, आणि त्याची गुंतवणूक वसूल होण्याचा मार्गही बराचसा यातूनच निघतो. धडगावकडील डोंगराळ भागात एप्रिल-मे महिन्यांत कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करतात. बोगद्यात ती धुळीपासून वाचते आणि उजळ राहते. जळगाव-रावेर पट्ट्यात निर्यातीच्या घडातून वगळलेल्या केळीच्या चकत्या वाळवता येतात, मात्र केळीतील साखरेमुळे त्या जाळीला चिकटतात, म्हणून वेगळे ट्रे ठेवावेत. उन्हाळ्यात बाहेरचेच तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा वरून शेडनेट आणि दुसरा पंखा लागतो. प्रत्येक पिकासाठी लक्ष्य-वजनाचा हिशेब नव्याने मांडावा आणि पहिली खेप मिरचीइतक्याच काळजीने मोजावी. मिरचीनंतर कोणतेही गोड किंवा फिकट पीक ठेवण्यापूर्वी ट्रे, भिंती आणि पंख्याची पाती साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावीत, कारण मिरचीचा तिखटपणा प्लॅस्टिकच्या जाळीत बराच काळ टिकतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आच्छादन सोडवून, पुसून, गुंडाळून गोदामात ठेवावे. पावसाळ्यातील वारा आणि शेवाळ यांपासून वाचलेले प्लॅस्टिक अधिक हंगाम टिकते.